'सौभद्र' ते 'वऱ्हाड' : लग्नाची नाटके आणि आपली बोली



स्मरणिकेसाठी लेख दे, असा निरोप आला तेव्हा त्याबरोबर एक अटही आली. "आठवणी सगळेच लिहिणार आहेत. तू इतिहास शिकवतोस, तर काहीतरी इतिहासाचं लिही." मी बरेच दिवस विचार करत होतो. हर्सूलच्या इतिहासात लिहिण्यासारखे कमी नाही. दिल्ली दरवाजातून निघून अजिंठ्याकडे जाणारा रस्ता आपल्या गावावरून जातो. जुनी सराई आहे, तलाव आहे, हरसिद्धी देवीचे मंदिर आणि नवरात्रातली यात्रा आहे. शहरातल्या माणसाला हर्सूल म्हटले की आधी कारागृह आठवते. "कधी सुटलास?" हा विनोद कॉलेजात गेल्यावर आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकलेला आहे. पण शाळेचा विषय निघाला की मला आठवतो तो स्नेहसंमेलनाचा रंगमंच. वर्गातली बाके जोडून केलेला, वर सतरंजी, आणि मागे पडदा म्हणून कुणाच्या तरी घरची चादर.

त्या मंचावर दरवर्षी एक ऐतिहासिक प्रवेश व्हायचा आणि एक विनोदी. ऐतिहासिक प्रवेशात पुठ्ठ्याच्या तलवारी असत, आवाज चढे असत आणि टाळ्याही पडत. पण अंगावर शाल घेऊन आपल्या आया रात्री उशिरापर्यंत बसून राहायच्या त्या विनोदी प्रवेशासाठी. त्यात हमखास लग्न असायचे. मुलगी पाहायला आलेले पाहुणे, कमी ऐकू येणारे आजोबा, साखरेऐवजी मीठ पडलेला चहा, आणि मुलीच्या कामात मिसरूड फुटू लागलेला एखादा मुलगा. खऱ्या मुली पडद्यामागे त्याला साडी नेसवत असायच्या.

हसवणारी आणि प्रेमाची नाटके इतकी का टिकली, याचा इतिहास लिहावा असे त्यावरूनच मनात आले. त्यात माझा एक जुना हिशेबही बाकी आहे. तो शेवटी सांगतो.

मराठी रंगभूमीचा आरंभच लग्नाने झाला. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवरा'चा खेळ केला. ५ नोव्हेंबर हा रंगभूमी दिन म्हणून आजही पाळला जातो. ते लग्न देवादिकांचे होते. ते आपल्या माजघरात आले १८८२ साली, अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत सौभद्रा'त. वरवर पाहता तीही महाभारतातलीच गोष्ट. सुभद्रेचे मन अर्जुनावर, पण थोरला भाऊ बलराम तिला दुर्योधनाला द्यायला निघालेला. कृष्ण वरून साळसूद राहतो आणि आतून सगळी सूत्रे हलवतो. संन्याशाच्या वेषातल्या अर्जुनाला बलराम स्वतःच मोठ्या भक्तिभावाने घरी आणतो आणि त्याच्या सेवेला सुभद्रेला नेमतो. घरातला सर्वांत करारी माणूस आपल्याच हाताने आपला बेत मोडतो, हे पाहून प्रेक्षक हसतो.

पण हे हसणे कोणत्या काळातले आहे ते पाहा. त्या काळी मुलीचे लग्न ती अजाण असतानाच उरकले जाई. 'सौभद्रा'नंतर दोनच वर्षांनी, १८८४ मध्ये, मुंबईत रखमाबाईंवर खटला उभा राहिला. लहानपणी लावून दिलेल्या लग्नातल्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते आणि त्यावरून देशभर वादळ उठले. १८९१ साली संमतिवयाच्या कायद्याने वय १० वरून १२ वर नेले, तेव्हाही केवढा गदारोळ झाला हे आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचले आहे. 'मुलीला विचारले का?' हा प्रश्न सभेत आणि वर्तमानपत्रात भांडण लावत होता. तोच प्रश्न 'सौभद्र' पाहणारी माणसे पदे गुणगुणत घरी घेऊन जात होती. माझ्या मते या नाटकांच्या दीर्घायुष्याचे पहिले कारण हेच. घरातल्या सर्वांत अवघड गोष्टीबद्दल ती घरातल्या सगळ्यांसमोर बोलतात, आणि कोणाला उठून जावेसे वाटत नाही.

गोविंद बल्लाळ देवल हे किर्लोस्करांचे शिष्य. त्यांचे 'संगीत शारदा' १८९९ साली इंदूरला रंगभूमीवर आले. पैशाच्या लोभाने बाप कोवळ्या मुलीचे लग्न म्हाताऱ्या भुजंगनाथाशी लावायला निघतो, ही त्याची कथा. विषय डोळ्यांत पाणी आणणारा, पण देवलांनी त्या म्हाताऱ्याला आणि त्याच्या दलालाला असे हास्यास्पद केले की प्रतिष्ठेच्या जोरावर चालणारी ती चाल लोकांच्या मनात आधी उतरली. ३० वर्षांनी, १९२९ साली, बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला. तो हरविलास सारडा यांच्या नावावरून सारडा कायदा म्हणून ओळखला जातो. नावातले साम्य योगायोगाचे आहे, पण मराठी कानांना ते तसे वाटत नाही.

देवलांचेच 'संशयकल्लोळ' हे या परंपरेतले अस्सल विनोदी नाटक. त्याचा प्रवास तर आपल्या भूगोलाच्या तासाला शोभावा असा आहे. फ्रान्समध्ये मोलियरने १६६० साली एक छोटी प्रहसनवजा कॉमेडी लिहिली. तिच्यावरून इंग्लंडमध्ये आर्थर मर्फीने १७६१ साली एक नाटक केले. देवलांनी १८९३ मध्ये त्याचे 'फाल्गुनराव' केले आणि पुढे पदे घालून ते 'संशयकल्लोळ' झाले. १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले. गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव आणि बालगंधर्वांची रेवती यांच्या गोष्टी त्यानंतर कितीतरी वर्षे सांगितल्या गेल्या. पॅरिसहून निघालेली गोष्ट पुण्यामुंबईकडे आली आणि अशी मुरली की तिच्यात परके काही उरले नाही. पात्रांची नावे पाहा : फाल्गुनराव, भादव्या, कृत्तिका, अश्विनशेठ, रेवती. सगळे पंचांग रंगमंचावर. एका तसबिरीवरून नवरा बायकोवर संशय घेतो, बायको नवऱ्यावर, प्रियकर प्रेयसीवर. प्रेक्षकाला सगळे ठाऊक असते, फक्त पात्रांना नसते. आज तसबिरीच्या जागी मोबाइल ठेवा, एक शब्द बदलावा लागणार नाही.

पुढची वाट आपल्याला बरीचशी परिचयाची आहे. आचार्य अत्र्यांनी १९३३ साली 'साष्टांग नमस्कार' आणि १९३६ साली 'लग्नाची बेडी' दिले. त्यांनीच 'चार्लीज आंट' या इंग्रजी नाटकाची 'मोरूची मावशी' केली, आणि ऐंशीच्या दशकात विजय चव्हाणांनी लुगडे नेसून त्या मावशीला पुन्हा घरोघरी नेले. वसंत कानेटकरांच्या 'प्रेमा तुझा रंग कसा?' या १९६१ च्या नाटकात प्रेमविवाह हा घर मोडणारा प्रश्न राहिलेला नाही. मुले प्रेमात पडतात आणि आईवडिलांची तारांबळ उडते, एवढेच. 'शारदे'पासून इथपर्यंत यायला ६० वर्षे लागली. या नाटकांच्या तारखा एका ओळीत मांडल्या तर मराठी घर कसे बदलले याचा आलेखच समोर येतो.

आपण मात्र एक गोष्ट विसरू नये. नाटकातले घर बदलले म्हणून खरे घर त्याच वेगाने बदलत नाही. मुलीच्या लग्नाचे वय कायद्याने १८ झाले ते १९७८ साली. तरी दहावीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत आपल्या वर्गातल्या काही मैत्रिणींना पाहुणे पाहून गेले, आणि शाळेच्या निकालाआधी त्यांच्या लग्नाच्या पत्रिका हातात आल्या. ज्या मुलींनी आम्हाला पडद्यामागे नवरीची साडी नेसवली होती, त्यांतल्याच त्या होत्या. त्या संमेलनात मुलगी पाहण्याच्या प्रवेशावर आपण सगळे हसलो, त्याही हसल्या. तेव्हा त्यांच्या मनात काय असेल, हे मला पन्नाशी आल्यावर सुचते आहे.

आतापर्यंत सांगितलेली नाटके सांगली, पुणे, मुंबई, इंदूर इकडची. आपण त्यात कुठे होतो? १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. कारभार उर्दूत चाले, हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणही उर्दूतूनच होते. मराठी राहिली ती घरात, शेतात, कीर्तनात आणि भारुडात. आपल्यापासून ५० किलोमीटरवर पैठणला सोळाव्या शतकात एकनाथ महाराजांनी भारुडे रचली. त्यांत कधी ते जोशी होतात, कधी गोंधळी, कधी वासुदेव. एकाच माणसाने दहा जणांची सोंगे आणायची, हसवता हसवता नेमके बोट ठेवायचे, आणि तेही लोकांच्या रोजच्या बोलण्यात. नाट्यगृह नव्हते तेव्हाही ही कला आपल्याकडे होती.

आपली बोली याच मिश्रणातून आली. आपण रुमालाला दस्ती म्हणतो. 'का' विचारायचे तर 'कामून' म्हणतो, माझे-तुझे हे 'मपलं-तुपलं' होते आणि होकाराला 'हाव' पुरतो. पुस्तकातली भाषा मात्र दुसरीकडून आली. एक बोलणे घरचे आणि एक वर्गातले, अशी दोन दप्तरे घेऊन आपण शाळेत जात होतो.

इथे दोन नाटके शेजारी ठेवावीशी वाटतात. पहिले १९७५ चे, पु. ल. देशपांडे यांचे 'ती फुलराणी'. बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून पुलंनी ते केले आणि भक्ती बर्वे यांनी त्यातली मंजुळा अजरामर केली. फुले विकणाऱ्या मुलीला भाषेचा प्राध्यापक 'शुद्ध' बोलायला शिकवतो आणि वरच्या समाजात नेऊन उभी करतो. नाटकाचे मोठेपण असे की शेवटी हसू होते ते प्राध्यापकाच्या तोऱ्याचे. तरीही त्या समाजाच्या दारातून आत जायचे तर मंजुळेला आधी आपली बोली बाहेर ठेवावी लागते.

दुसरे नाटक त्यानंतर चारच वर्षांनी आले, १९७९ मध्ये, आणि ते आपल्या शहरातून आले. लक्ष्मण देशपांडे आपल्या विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात शिकवत. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हे त्यांनी लिहिले आणि एकट्याने सादर केले. मराठवाड्यातल्या एका खेड्यातले वऱ्हाड लग्नासाठी विमानाने लंडनला निघते, एवढीच गोष्ट. त्यात ५२ पात्रे आणि ती सगळी करणारा एकच माणूस, सुमारे तीन तास. म्हातारी, पोर, रुसलेला पाहुणा, मिरवणारा पाहुणा, सगळे आवाजातून, चालीतून आणि बोलीतून उभे राहायचे. पुढे गिनीज बुकातही त्याची नोंद झाली. एकाने अनेकांची सोंगे आणायची ही एकनाथांच्या पैठणची रीत होती, ती विमानात बसून लंडनला गेली.

आता फरक पाहा. मंजुळेला शहरातल्याच वरच्या वस्तीत जायचे तर बोली बदलावी लागली. हे वऱ्हाड मात्र सातासमुद्रापार गेले आणि एक शब्द बदलला नाही. लंडन पाहून ते दिपले असेल, गोंधळले असेल, पण बोलले आपल्याच तोंडाने. मराठी नाटकातला 'लग्न कोणी ठरवायचे' हा जुना प्रश्न इथे मागे पडतो आणि दुसरा पुढे येतो : लग्नाच्या मांडवात कोणाचे बोलणे चालते? आपल्याकडच्या लोकांनी 'वऱ्हाड' इतके उचलून धरले त्याचे कारण मला यात दिसते. पहिल्यांदाच रंगमंचावरचा माणूस आपल्या काकासारखा बोलत होता.

आता तो हिशेब.

आपण शाळेत असताना 'वऱ्हाड'ची कॅसेट लग्नघरी भोंग्यावर लागायची. मांडवात आचाऱ्यासह सगळे थांबून ऐकायचे. त्याच दिवसांत आपली एकांकिका शहरातल्या एका आंतरशालेय स्पर्धेला गेली होती. विषय अर्थातच लग्न. वरपक्षाच्या रुसलेल्या काकाचे काम आपल्या एका वर्गमित्राकडे होते. तालमीत त्याला पुस्तकी वाक्ये पाठ करून दिली होती. पण मंचावर गेल्यावर तो ती विसरला आणि घरी बोलतो तसा बोलू लागला. "पाव्हणं, मपला मान कुठं गेला?" सभागृह हसून हसून लोळले. मला वाटले, बक्षीस आपलेच. निकाल सांगताना एका परीक्षकांनी माइकवरून शेरा मारला, की काकाचे काम बरे होते, पण भाषा गावंढळ होती, मुलांना आधी शुद्ध बोलायला शिकवा. त्यावरही सभागृह हसले. मघाशी हसले ते त्याच्याबरोबर, आता हसले ते त्याला. आणि त्या दुसऱ्या हसण्यात मीही होतो. मला शुद्ध बोलता येते हे शेजारच्या शाळेतल्या मुलांना कळावे म्हणून मी जरा जास्तच मोठ्याने हसलो.

त्यानंतर तो कधी मंचावर चढला नाही. दुसऱ्या वर्षी सरांनी नाव पुकारले तेव्हा मान खाली घालून बसून राहिला. आपल्या वर्गात त्याच्याइतका नट कोणी नव्हता. तुम्ही त्याला ओळखले असेल. म्हणूनच नाव लिहीत नाही.

विनोदी नाटके का टिकतात याचे दुसरे कारण मला या प्रसंगातून कळले. हसू दोन प्रकारचे असते आणि प्रेक्षकाला त्यातला फरक आतून कळतो. 'सौभद्रा'त हसू होते ते बलरामाच्या हुकमतीचे, 'शारदे'त भुजंगनाथाच्या पैशाचे, 'फुलराणी'त प्राध्यापकाच्या तोऱ्याचे. ज्याच्या हातात घराची किंवा समाजाची किल्ली आहे त्याची फजिती पाहायला माणूस पुन्हा पुन्हा येतो. दुबळ्याची टिंगल करणारा विनोद एकदा हसवतो आणि विसरला जातो. 'वऱ्हाड'लाही हा धोका होताच. खेडवळ माणसांची गंमत म्हणून ते पाहणारे कोणी नसतील असे नाही. पण ते नाटक स्वतः आपल्या माणसांवर माया करते, त्यांना वेडगळ ठरवून सोडून देत नाही. त्याची नक्कल करणाऱ्यांना मात्र पुष्कळदा केवळ बोली उचलता आली, माया नाही. म्हणूनच मराठवाडी बोलणारे पात्र म्हणजे ठरलेला विदूषक, असा साचा पुढे पडद्यावर तयार झाला.

तरी निराश व्हावे असे चित्र नाही. लक्ष्मण देशपांडे २००९ मध्ये गेले. त्यांच्यानंतर बीड जिल्ह्यातल्या माजलगावचे संदीप पाठक 'वऱ्हाड'चे प्रयोग करत आहेत. २०१२ साली जालना जिल्ह्यातल्या राजकुमार तांगडे यांनी लिहिलेले आणि नंदू माधव यांनी दिग्दर्शित केलेले 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' रंगभूमीवर आले, आणि आपल्याकडच्या शेतकरी कुटुंबांतल्या नटांचे बोलणे राज्याने हसत आणि विचार करत ऐकले. तिकडे प्रशांत दामले यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये आपला १२,५०० वा प्रयोग केला. त्या दिवशीचे नाटकही लग्नाचेच, 'एका लग्नाची पुढची गोष्ट'. 'सीतास्वयंवरा'पासून तोवर १७९ वर्षे होऊन गेली होती, पण मांडवातून उठायला आपण अजून तयार नाही.

स्नेहमेळाव्याच्या निमित्ताने मी त्या मित्राला फोन केला होता. हवापाणी, शेती, पोरांची शिक्षणे असे सगळे बोलून झाले. मग म्हणालो, "कार्यक्रमात दोन शब्द बोलशील का?" तो म्हणाला, "भाषण नको गड्या. जेवायला येतो." मी त्या स्पर्धेचा विषय काढला नाही. फोनवर काढवला नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

मेळाव्याच्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर आपण सगळ्यांनी मिळून तो मुलगी पाहण्याचा प्रवेश पुन्हा करावा, अशी माझी सूचना आहे. बाके शाळेत आहेतच, चादर मी आणतो. या वेळी मुलीचे काम मैत्रिणींपैकी कोणी तरी करावे, आणि पाहुण्यांना काय विचारायचे ते तिनेच ठरवावे. गुरुजन पहिल्या रांगेत बसतील. काकाचे काम कोणाचे, ते सर्वांना ठाऊक आहे. वाक्ये लिहून देणार नाही. त्याने घरी बोलतो तसे बोलावे.

तो नाही म्हणाला तर आग्रह करायचा नाही. पण हा लेख त्याच्यापर्यंत पोहोचेल. त्या दिवशी मी चुकीच्या वेळी हसलो होतो, एवढे त्याला कळले तरी पुष्कळ झाले.